आबांनी रात्रीच्या दादांना मारलं. "त्यांना कळत नाही" एवढं म्हणून भागतं का?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचत आलोय, लिहितोय पहिल्यांदाच. काल रात्री घरात जे झालं ते डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढलाय.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वय ७९. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. आई ७३ची, तिचे गुडघे गेलेत. मी आणि बायको दोघंही नोकरी करतो. दिवसा आई आणि एक मावशी सांभाळतात, रात्री ८ ते सकाळी ८ रुग्णसेवक पुरवणाऱ्या ब्युरोचा माणूस असतो. सध्याचा मुलगा चोवीस-पंचवीसचा असेल. आबा त्याला कधी "मास्तर" म्हणतात, कधी "क्लीनर". आम्ही दादा म्हणतो.

आबा विसरायचे, तेच तेच विचारायचे, पण अंगावर कधी गेले नव्हते. गेल्या आठवड्यापासून माणूसच बदलला. दिवेलागणीला येरझाऱ्या सुरू होतात. दार हलवून बघतात. "गाडी लागलीय, साडेदहाची मुंबई आहे, मला सोडा" असा एकच घोशा. रात्री दहा-दहा वेळा उठतात.

काल पावणेअकराला आवाज आला म्हणून मी धावत बाहेर आलो. आबा दाराकडे निघाले होते, दादांनी मागून दंड धरला, आणि आबांनी उशाशी ठेवलेला स्टीलचा तांब्या त्यांच्या कपाळावर घातला. भुवईच्या वर फाटलं. रक्त डोळ्यात उतरत होतं. आई म्हणाली, "बाळा, मनावर घेऊ नकोस रे, त्यांना कळत नाही." दादा म्हणाले, "हो काकू." एका हाताने कपाळावर टॉवेल दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने आधी आबांचा ओला डायपर आणि चादर बदलली. मग माझ्याबरोबर दवाखान्यात आले. चार टाके पडले.

आज सकाळी ब्युरोला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "काळजी करू नका साहेब, उद्या दुसरा माणूस देतो." दादा कसे आहेत हे त्यांनी विचारलं नाही. खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मीही आधी "आज रात्री कोण येणार" हेच विचारलं होतं.

माझे प्रश्न दोन. आबांना आवरायचं कसं? आणि त्या मुलाचं काय? आबांना कळत नाही, मान्य. पण टाके तर त्यालाच पडलेत.

---

रेवती_कोथरूड | मंगळवार, सकाळी ७.१५

आईच्या बाबतीत दीड वर्ष यातून गेले आहे. रात्रीच्या मावशीचे केस धरून ओढायची. तीन बायका सोडून गेल्या. शेवटी रात्री मऊ ओढणीने हात पलंगाला बांधायला लागले. वाचायला वाईट वाटेल, पण सकाळी ऑफिसला जायचं असतं आणि घरात एकच जण असतो तेव्हा दुसरा काय मार्ग आहे? डॉक्टरांना सांगून झोपेचे थेंब मागून घ्या. बिनचवीचे असतात, दुधात घातले तर कळत नाही.

---

शेवंता_रुग्णसेवा | मंगळवार, दुपारी २.०५

मी मोबाइलवर बोलून लिहिते, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. अकरा वर्षं हेच काम करते, जास्त करून बारा तासांच्या ड्युट्या. दादांनी टॉवेल दाबून चादर बदलली हे वाचलं आणि डोळ्यात पाणी आलं, कारण आम्ही तसंच करतो. पेशंट ओला ठेवायचा नसतो.

पहिलं, आबांना मागून धरू नका. कुणीच धरू नका. या आजारात बाजूचं कमी दिसतं. मागून आलेला हात म्हणजे त्यांच्यासाठी चोर असतो. समोरून या, त्यांना दिसेल असं थोडं लांब उभं राहा, हाक मारा, मग हात पुढे करा. त्यांनी हात दिला तर धरायचा. आणि दारात आडवं उभं राहू नका. अडवलं की माणूस अंगावर येतोच, शहाणा असला तरी येतो.

एक बाई होत्या, शाळेच्या हेडबाई होत्या पूर्वी. आंघोळीला चावायच्या. माझ्या दंडावर अजून खूण आहे. घरच्यांनी सांगितलं, दोघीजणी धरून आंघोळ उरकत जा. आठ दिवस तसं केलं. रोज रडारड, रोज ओरबाडणं. एक दिवस मी एकटी होते, दुसरी आली नव्हती. मनात म्हटलं, आज काही झालं तरी चालेल, घाई करायची नाही. बाथरूममध्ये आधी दोन बादल्या गरम पाणी ओतून वाफ केली. बाईंना खुर्चीवर बसवलं, ब्लाऊज काढलाच नाही, खांद्यावरून मोठा टॉवेल टाकला. तांब्या त्यांच्याच हातात दिला. "बाई, पायावर पाणी घ्या" म्हटलं. त्यांनी घेतलं! पाय, मग गुडघे, मग टॉवेलच्या आतून मी हात घालून बाकीचं. डोकं त्या दिवशी धुतलंच नाही. चावल्या नाहीत. मग मला समजलं. रोज आम्ही काय करत होतो? दोन अनोळखी बायका येऊन हुक काढतात आणि डोक्यावर पाणी ओततात. मी असते तर मीही चावले असते.

तेव्हापासून आंघोळ पायापासून. डोक्यावर पाणी सगळ्यात शेवटी, आणि ओतायच्या आधी सांगून.

अजून एक. रात्री खिडकीच्या काचेत स्वतःचंच तोंड दिसतं आणि वाटतं घरात माणूस घुसलाय. दिवेलागणीच्या आधी पडदे ओढा, कपाटाच्या आरशावर जुनी साडी टाका. आमच्या एका आजोबांचं निम्मं भांडण आरशातल्या म्हाताऱ्याशी होतं.

आता माझा प्रश्न आहे, राग मानू नका. आबा आठवडाभर बदललेत म्हणता. मग दादांच्या आधी कुणाला मारलं होतं का? आणि ते ब्युरोला सांगितलं होतं का? मला फोनवर दर वेळी सांगतात, "पेशंट अगदी शांत आहेत हो, नुसतं सोबत बसायचं." गेल्यावर पहिल्या रात्री समजतं. खरं सांगितलं तर कुणी येणार नाही असं घरच्यांना वाटतं. मी तर येते. फक्त कानातले काढून, केस बांधून, मंगळसूत्र आत घालून येते. न सांगता बोलावलं तर मार बसतो तो बसतोच, वर वाटतं की या लोकांनी आपल्याला फसवून आत ढकललं.

आणि पेशंटचा मार विसरता येतो. घरच्यांचं वागणं विसरत नाही. पेशंटला कळत नाही, पण वेगळ्या कपात चहा देणाऱ्या सुनेला कळत असतं. दुपारी पेशंट झोपला की "जरा भांडी घासून टाक" म्हणणाऱ्याला कळत असतं. एका घरी पेशंटचा मुलगा रात्री उगाच खोलीत येऊन उभा राहायचा. तिथून मी पहाटे निघून आले, पगार सोडला.

---

डॉ_निरामय | मंगळवार, रात्री ९.३०

कृष्णाकाठ, मी फिजिशियन आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण तुमच्या पोस्टमधल्या "गेल्या आठवड्यापासून माणूसच बदलला" या वाक्यावर थांबलो. अल्झायमर महिन्यामहिन्यांनी वाढत जातो. आठ दिवसांत माणूस पालटत नाही. पालटला तर आजारात दुसरं काहीतरी शिरलंय असं धरून चालावं आणि ते शोधावं. लघवीचा संसर्ग, छातीतला कफ, बद्धकोष्ठता, दाढदुखी, साखर कमी होणं, सोडियम उतरणं, पडल्यानंतर मेंदूभोवती हळूहळू साठलेलं रक्त. या माणसाला "माझं दुखतंय" हे सांगता येत नाही. तो हात उगारतो.

तीन गोष्टी सांगा. एक, महिनाभरात पडले होते का? दोन, शौचाला कधी झाली? तीन, सर्दी-खोकला किंवा झोपेसाठी काही नवीन औषध सुरू केलं का? घरातलं, मेडिकलमधून आणलेलं, काहीही.

डायपर ओला असतो असं लिहिलंय. तो ओलाचिंब असतो की नुसता दमट? दहा-दहा वेळा उठणाऱ्या ७९ वर्षांच्या पुरुषाचं ओटीपोट उद्या सकाळी कुणाकडून तरी तपासून घ्याच. डायपर ओला आहे म्हणजे लघवी साफ होतेय असं नाही. मूत्राशय तुडुंब भरलं की वरचं थेंबथेंब सांडतं, आणि घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे.

रेवतीताई, तुमच्यावर टीका करायची नाही, एकट्या माणसाची ओढाताण मी रोज बघतो. पण दोन्ही सल्ले धोक्याचे आहेत. बांधलेला माणूस सुटायची धडपड करतो, त्यात कातडी सोलते, गळ्याशी फास बसून मृत्यूही होतात. मनोरुग्णालयांसाठी २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात कलम ९७ आहे. तात्काळ इजा टाळायला दुसरा कुठलाच उपाय नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढ्याच वेळापुरतं बांधता येतं. शिक्षा म्हणून नाही, मनुष्यबळ कमी आहे म्हणून तर नाहीच. प्रशिक्षित माणसं असलेल्या ठिकाणी एवढी बंधनं आहेत. घरात तर रात्री बघायलाही कुणी नसतं.

थेंबांबद्दल. ते बहुधा हॅलोपेरिडॉल असतं, तीव्र मनोविकारांवरचं औषध. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये या जातीच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या औषधांवर आणि २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांवरही छापायला लावला. लेवी बॉडी नावाचा स्मृतिभ्रंशाचा प्रकार असेल तर एवढ्याशा मात्रेनेही रुग्ण लाकडासारखा ताठ होऊ शकतो. कधीकधी ही औषधं द्यावी लागतात, मीही देतो. पण तपासून, कमीत कमी, थोड्या आठवड्यांपुरती, आणि बंद कधी करायची हे आधीच ठरवून. नुसतं मागून घेऊन, दुधात लपवून नाही.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०.१०

डॉक्टर, अंगावर काटा आला. दहा दिवसांपूर्वी आबांना सर्दी झाली होती. मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणल्या, दिवसाला तीन. नाक वाहायचं थांबलं तरी आई अजून देतेच आहे, "गोळीने जरा सुस्तावतात" म्हणून. पाकिटावर क्लोरफेनिरामिन लिहिलंय. डायपर दमटच असतो. आम्ही त्यालाच चांगलं समजत होतो. पडले नाहीत. शौचाला चार दिवस झालेली नाही.

शेवंताताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. हो. शुक्रवारी त्यांनी दिवसाच्या मावशीच्या पाठीत बुक्की घातली होती. मी ब्युरोला सांगितलं नाही. दादांनाही नाही. माणूस मिळणार नाही या भीतीने.

---

डॉ_निरामय | मंगळवार, रात्री १०.१८

गोळी आत्तापासून बंद. ती लघवी तुंबवते, बद्धकोष्ठ करते आणि या मेंदूला आणखी गोंधळात टाकते. एकाच गोळीत तिन्ही. सकाळची वाट बघू नका, आत्ताच जवळच्या रुग्णालयात न्या.

---

टेम्सकाठी | बुधवार, पहाटे ४.५०

मी मूळची कोल्हापूरची, सध्या इंग्लंडमध्ये वृद्धांच्या मानसिक आजारांच्या वॉर्डात नर्स आहे. नाइट संपवून लिहितेय. आबांच्या तब्येतीवर डॉक्टरांनी लिहिलंच आहे, मी हात सोडवण्याबद्दल लिहिते. इथे कामावर घेताना हे शिकवतात, दर वर्षी पुन्हा उजळणी असते. आपल्याकडच्या ब्युरोच्या मुलामुलींना हे कुणी दाखवत नाही आणि त्याचंच मला फार वाईट वाटतं.

मनगट धरलं तर मागे हिसका द्यायचा नाही. पकड सगळ्यात कच्ची असते ती अंगठ्याच्या बाजूला, त्या बाजूने हात वळवून काढायचा. केस धरले तर आपले दोन्ही हात त्यांच्या हातावर ठेवून तो आपल्याच डोक्यावर दाबून धरायचा, म्हणजे ओढ बसत नाही. मग वाट बघायची, बोलत राहायचं, मूठ सैल होते. चावलं तर हात ओढायचा नाही, ओढला की मांस फाटतं. उलट हात किंचित तोंडाच्या दिशेने न्यायचा, जबडा आपोआप उघडतो. नंतर साबणाच्या पाण्याने भरपूर धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि कावीळ ब-ची लस झालीय का ते बघायला. हे वाचून येत नाही, दोघांनी मिळून चार वेळा करून बघा. हसत हसत केलं तरी चालेल, पण करा.

आणि बोलायचं एकानेच. घरात सगळे एकदम बोलतात, "आबा बसा", "अहो काय करताय", "धर रे त्यांना". त्यांच्या डोक्यात त्याचा नुसता कल्लोळ होतो. एक माणूस, हळू आवाज, छोटी वाक्यं, उत्तराला वेळ. उशाशी स्टीलचा तांब्या नको, प्लास्टिकचा ठेवा.

बांधण्या-दाबण्याबद्दल इथलं एक सांगते. २०१० मध्ये लंडनच्या एका मनोरुग्णालयात ओलासेनी लुईस नावाच्या २३ वर्षांच्या तरुणाला अकरा पोलिसांनी दाबून धरलं, त्यातून तो गेला. त्याच्या आईवडिलांच्या लढ्यातून २०१८ला कायदा झाला, त्याला सेनीचा कायदा म्हणतात, ३१ मार्च २०२२ पासून लागू आहे. आता आमच्या वॉर्डात कुणाचा हात जरी जोराने धरला तरी ते नोंदवावं लागतं. कुणी, का, किती वेळ.

पण इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. ज्या आजोबांना मी भरवते तेच मला माझ्या रंगावरून घाण शिव्या देतात. पहिल्या वर्षी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. फरक पडला तो एका गोष्टीने. दर प्रसंगानंतर आमची सिस्टर सगळ्यांना दहा मिनिटं बसवते. पहिला प्रश्न "तू काय चुकलीस" हा नसतो, "तुला कुठे लागलंय" हा असतो. दादांना हे कुणी विचारलं का?

---

रेवती_कोथरूड | बुधवार, सकाळी ८.३०

डॉक्टर, शेवंताताई, रात्रभर धागा वाचला. आईला जाऊन दोन वर्षं झाली. तिला बांधायचे तेव्हा ती मला "बाई, सोडा हो, मी चोरी नाही केली" म्हणायची. मुलगी म्हणून ओळखत नव्हती, पण बांधलंय हे ओळखत होती. त्या वेळी मला कुणी पायापासून आंघोळ घालायला सांगितलं नाही. आज कुणी माझ्यासारखं एकटं असेल तर त्याने निदान इथे तरी आधी विचारावं, म्हणून वरचा सल्ला मी खोडत नाही. पण तो पाळू नका.

---

माणदेशी_वाटसरू | बुधवार, सकाळी १०.४५

काही उपयोगी क्रमांक देतो. १४४१६ हा सरकारचा टेली मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि मराठीतही बोलता येतं. रुग्णासाठीच फोन करायचा असं नाही, सांभाळणारा थकला असेल तर त्यानेही करावा. ज्येष्ठांसाठी १४५६७. अल्झायमरवर काम करणारी एआरडीएसआय ही संस्था १९९२ पासून आहे.

शेवंताताई, तुम्ही पगार सोडून पहाटे निघालात ते वाचून संताप आला. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात राहतं घरसुद्धा कामाची जागा धरलं आहे. ऑफिस नसलेल्या बायकांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तिथे तक्रार देता येते. ब्युरोतल्या तुमच्या मैत्रिणींपर्यंत एवढं नक्की पोचवा.

---

शेवंता_रुग्णसेवा | बुधवार, रात्री ९.००

हे मला माहीत नव्हतं. आमच्यात कुणालाच माहीत नाही. पोचवते.

---

कृष्णाकाठ | पुढच्या आठवड्यातला रविवार, सकाळी ११.००

उशीर झाला, माफ करा. मंगळवारी रात्रीच आबांना नेलं. नळी घातल्यावर नऊशे मिली लघवी निघाली. पिशवी भरताना आबांचा चेहरा मी बघत होतो. कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या, आणि "आता सोड गाडी" म्हणून डोळे मिटले. आठ दिवस हा माणूस तुंबलेलं पोट घेऊन आम्हाला ढकलत होता आणि आम्ही म्हणत होतो की त्यांना कळत नाही. कळत आम्हालाच नव्हतं.

पाच दिवसांनी नळी काढली. आता प्रोस्टेटची गोळी आणि पोट साफ होण्याचं औषध आहे. गोळीने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून पलंगावरून उठवताना मिनिटभर बसवून ठेवतो. रात्री दोनदाच उठतात.

पण सगळं थांबलं असं नाही, म्हणून वही घातलीय. वेळ, आधी काय घडलं, आबांनी काय केलं, कशाने शांत झाले. त्यातलं थोडं जसंच्या तसं देतो.

"गुरुवार, सं. ६.१०. आईने टीव्ही लावला. मालिकेत बाई किंचाळत होती. आबा उठले, 'कोण मारतंय तिला' म्हणून टीव्हीकडे. मी खांदा धरला. मला छातीवर ढकललं. टीव्ही बंद केल्यावर दहा मिनिटांत बसले."

"शुक्रवार, सकाळी ८. आंघोळ. मी पाणी डोक्यावरून घातलं, विसरलो. मनगट पिरगाळलं."

"शनिवार, सकाळी ८. पायापासून. तांब्या त्यांच्या हातात. काही नाही. स्वतःच म्हणाले, पाठ चोळ."

"शनिवार, सं. ६.३०. गाडीचा घोशा. जुनी लॉगशीट लिहायला दिली. अर्धा तास आकडे काढत बसले."

"शनिवार, रात्री ९.२०. मावशीच्या अंगावर पाण्याचा ग्लास फेकला. टीव्ही बंद, पडदे ओढलेले, पोट साफ, ताप नाही. कारण सापडलं नाही."

शेवटची नोंद मुद्दाम दिली. कधीकधी कारण सापडतच नाही, तेव्हा मागे सरकून लांब बसणं एवढंच हातात राहतं.

---

शेवंता_रुग्णसेवा | रविवार, दुपारी १.२०

पिशवीचं वाचून बरं वाटलं. आणि दादा?

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०.५०

शेवंताताई, तुम्ही विचाराल हे माहीत होतं.

काल संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेलो. चार मुलं मिळून राहतात, सगळी हेच काम करणारी. टाके काढलेत, खूण राहणार आहे. ब्युरोने त्या आठवड्याचे सुट्टीचे दिवस पगारातून कापलेत. ते पैसे, दवाखान्याचा खर्च आणि पुढच्या तपासणीचे, असे मी दिले. ते घेत नव्हते. म्हणालो, ही बक्षिसी नाही, आमच्या घरात काम करताना तुम्हाला लागलंय. मग घेतले.

मग शुक्रवारची गोष्ट सांगितली. मावशीला मारल्याचं मी तुमच्यापासून लपवलं, म्हणालो. ते बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, "सांगितलं असतं तरी आलो असतो. तांब्या तेवढा उचलून ठेवला असता." मला पुढे काही बोलता आलं नाही. परत या असं म्हणायचं ठरवून गेलो होतो, पण त्यांनी दुसरी ड्युटी धरलीय. टेम्सकाठी, तुमचा प्रश्न त्यांना विचारला, कुठे लागलंय. त्यांनी कपाळाकडे नाही, दंडाकडे बोट केलं. तिथे आबांच्या नखांचे ओरखडे होते, मागच्याच महिन्यातले. त्यांनी ते आम्हाला कधी दाखवलेच नव्हते.

आजपासून दुसरे मामा आलेत, पन्नाशीचे. ब्युरोला सगळं सांगितलं होतं, तरी पहिल्या चहालाच पुन्हा सांगितलं. चहा आमच्याच कपांत, आई, मी आणि ते, तिघं ओट्याशी उभे राहून. शुक्रवारची बुक्की, तांब्या, ग्लास, वही, सगळं. त्यांनी वही वाचली, पानं मागेपुढे केली आणि विचारलं, "मारतात कुठल्या हाताने?"

मी आईकडे बघितलं. आम्हाला सांगता येईना. आई म्हणाली, "गिअर टाकायचे तो हात. डावा."

"मग मी उजवीकडे बसत जाईन," म्हणाले, आणि खुर्ची उचलून पलंगाच्या त्या बाजूला नेली.